घरचा सर्व्हर आणि मंडळाचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवकाल अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. आमचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. मंडळाचे पन्नास वर्षांचे दप्तर संगणकावर आणण्यासाठी मंडळाच्याच खोलीत एक लहानसा सर्व्हर कसा उभा केला, त्यात काय अडले आणि त्यातून काय हाती लागले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. ‘आम्ही’ म्हणजे चौघेजण. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांचे मराठी टंकलेखन निर्दोष आहे अशा एक भगिनी, संगणकाचा अभ्यासक्रम शिकणारा एक विद्यार्थी आणि केंद्र सरकारच्या कचेरीत टिप्पण्या लिहिण्यात हयात घालविलेला, बी. ए. झालेला हा वक्ता. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल की, ज्यांस हे शास्त्र रीतसर अवगत आहे अशांचे हे कथन नव्हे. परंतु ज्यांना ते अवगत नाही अशांसाठीच ते अधिक उपयोगी पडेल, अशी आमची समजूत आहे.

प्रथम हे काम हाती का घ्यावे लागले ते सांगतो. परप्रांतातील मराठी मंडळाचा एक स्वभावधर्म असतो. मंडळ जागेवर राहते आणि माणसे बदलत जातात. आपल्यापैकी कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी संरक्षण खात्यात. तीन-चार वर्षे झाली की बदलीचा हुकूम येतो आणि चिटणीसपद दुसऱ्याकडे जाते. त्या वेळी कपाटाच्या किल्ल्या, रोकडवही, गणपतीची आरास, नाटकाचे कपडे, लेझीम आणि मोठी पातेली यांची यादी करून नव्या चिटणीसांची सही घेतली जाते. ही पद्धत उत्तम आहे व ती पन्नास वर्षे चालत आलेली आहे. मात्र मंडळाच्या संकेतस्थळाची अशी यादी कधी झाली नाही. एका उत्साही तरुण सभासदाने ते विनामूल्य तयार करून दिले, पुढे दुसऱ्याने त्यात भर घातली, आणि दोघेही नोकरीनिमित्त दूर गेले. काही वर्षे ते आपोआप चालले. मग एके दिवशी त्या जागी केवळ कोरे पान दिसू लागले.

यात दोष कोणाचाच नव्हता. संकेतस्थळ ज्या पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले होते, तिच्या डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून माहितीच्या कोठाराशी जोडणी करण्याच्या जुन्या आज्ञा काढून टाकण्यात आल्या. त्या आज्ञा जाणार आहेत याची सूचना २०१३ पासून मिळत होती. परंतु सूचना कोणाला मिळणार? ज्यांना कळली असती ते येथे नव्हते, आणि जे येथे होते त्यांना ती कळण्याजोगी नव्हती. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रांवर नवी आवृत्ती बसविली आणि जुने लिखाण मुके झाले. सुदैवाने एका माजी चिटणिसांच्या घरी त्या कोठाराची एक नक्कल निघाली. आमच्या कामाचा प्रारंभ त्या नकलेपासून झाला.

आता सर्व्हर म्हणजे काय, हे मंडळाच्या भाषेतच सांगितलेले बरे. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीला बसलेला पाहुणा मागतो आणि वाढपी आणून वाढतो. आपण संगणकावर वा मोबाइलवर ज्यातून पाने पाहतो तो ब्राउझर म्हणजे पाहुणा होय. त्याने पान मागितले की अपाची नावाचा प्रोग्रॅम ते आणून देतो. हा १९९५ साली अवतरलेला वाढपी आजही कामावर आहे. काही पदार्थ तयार असतात, काही मागणीनुसार करावे लागतात. ते करणारा आचारी म्हणजे पीएचपी. आणि आचाऱ्याला शिधा पुरविणारे कोठीघर म्हणजे मायएसक्यूएल किंवा त्याच कुळातील मारियाडीबी. ही तिन्ही माणसे एकत्र मिळाली की पंगत उठविता येते. ‘झॅम्प’ नावाचा एक संच फुकट मिळतो, त्यात हे तिघेही एकदम येतात.

सर्व्हर म्हटले की वातानुकूलित दालनातील प्रचंड यंत्रांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती तशी नाही. जगातील पहिला वेब सर्व्हर स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या संगणकावर १९९० च्या अखेरीस चालू झाला. ते यंत्र कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याच्यावर, हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची चिठ्ठी शाईने लिहून चिकटविलेली होती. मंडळाच्या खोलीतील जुन्या संगणकावर आमच्या भगिनींनी तशीच एक चिठ्ठी मराठीत लावली आहे. झाडलोट करणाऱ्या बाई तेव्हापासून त्या कोपऱ्यातील बटणांना हात लावीत नाहीत.

घरच्या सर्व्हरचे वैशिष्ट्य असे की, वाढपी आणि पाहुणा एकाच यंत्रात असतात. त्यासाठी १२७.०.०.१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे. कोणत्याही संगणकावर हा पत्ता टाकला तर मागणी बाहेर जातच नाही, त्याच यंत्राकडे परत वळते. त्यालाच ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. नाटकाच्या मंडळींना हे समजावून सांगावे लागणार नाही. हॉलचे भाडे भरून, तिकिटे विकून, पडदा वर गेल्यावर कोणी संवाद पाठ करीत नाही. त्यासाठी तालमीची खोली असते. तेथे अडखळता येते, प्रवेश पुन्हा घेता येतो, पात्रे बदलून पाहता येतात, आणि प्रेक्षकांतील कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. लोकलहोस्ट ही संकेतस्थळाची तालमीची खोली होय.

पहिल्याच दिवशी वाढपी दारातच अडला. अपाची चालू होईना. संगणकाला माहितीच्या ये-जा करण्यासाठी क्रमांक दिलेली दारे असतात, ती ६५,५३५ पर्यंत मोजलेली आहेत. वेब सर्व्हरचे ठरलेले दार ८० क्रमांकाचे. त्या दारात दुसराच एक प्रोग्रॅम आधीपासून उभा होता, आणि एका दारात एकाच वेळी दोघांना उभे राहता येत नाही. विद्यार्थ्याने अपाचीच्या नियमांच्या फायलीत ८० च्या जागी ८०८० लिहिले आणि पंगत सुरू झाली. या प्रसंगी आमच्या सरकारी सवयीचा उपयोग झाला, तो असा. अपाची आपली प्रत्येक अडचण तारीख-वेळेसह एका फायलीत लिहून ठेवीत असतो. कचेरीत फाईल हाती आली की आम्ही शेवटची टिप्पणी प्रथम वाचतो. येथेही तेच केले. शेवटची ओळ वाचली आणि कारण मिळाले. तेव्हापासून नियम केला की, काही अडले तर तर्क करावयाचा नाही, आधी नोंद वाचावयाची. या विद्येतील निम्मे कौशल्य नोंद वाचण्यात आहे, आणि ते आपणां नोकरदारांपाशी आधीपासूनच आहे.

यानंतर जुनी नक्कल कोठीघरात भरली आणि खरा प्रश्न समोर आला. सभासदांच्या यादीत नावांच्या जागी रोमन लिपीतील, डोक्यावर टोप्या घातलेली चित्रविचित्र अक्षरे होती. कित्येक ठिकाणी तर केवळ प्रश्नचिन्हांची रांग होती. ही दोन दुखणी सारखी दिसली तरी एक नव्हेत, आणि हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणावे याचा सर्वमान्य करार म्हणजे युनिकोड. आपली देवनागरी १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, आणि तिची मांडणी भारतातच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. हे आकडे साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बसविली. तीत रोमन अक्षराला एक घर लागते, देवनागरी अक्षराला तीन. आमच्या जुन्या कोठीघरातील सभासदांचा तक्ता मात्र केवळ पश्चिम युरोपीय लिपींसाठी असलेल्या पद्धतीने आखलेला होता. मायएसक्यूएल हा स्वीडनमधील मंडळींचा प्रोग्रॅम असल्यामुळे त्यात आपण काही न सांगितल्यास वर्षानुवर्षे स्वीडिश वर्णक्रम धरला जात असे. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून हे बदलले. म्हणजे आमचे कुलकर्णी, देशपांडे आणि गायकवाड इतकी वर्षे स्वीडिश नियमांनी नांदत होते!

जेथे टोपीवाली अक्षरे दिसत होती, तेथे मूळ आकडे शाबूत होते. त्यांवर फक्त चुकीची चिठ्ठी लागलेली होती. तो रकाना आधी निव्वळ आकड्यांचा मानला आणि मग त्यास यूटीएफ-८ म्हटले, तेव्हा एका क्षणात सगळी नावे मराठीत प्रकटली. आमच्या भगिनींनी ती यादी मोठ्याने वाचून दाखविली. त्यातील पुष्कळ माणसे आता या गावी नाहीत, काही या जगातही नाहीत.

प्रश्नचिन्हांचे तसे नाही. ज्या नोंदी पुढे दुसऱ्या हाताने भरल्या गेल्या, त्यांत कोठीघराने प्रत्येक अक्षर आपल्या पद्धतीत बसविण्याचा प्रयत्न केला, ते बसले नाही, म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले आणि मूळ अक्षर टाकून दिले. अशा ठिकाणी नावात किती अक्षरे आणि काना-मात्रा होत्या एवढेच कळते, कोणत्या ते कोणत्याही उपायाने कळत नाही. ती नावे अखेर कागदी वर्गणीवहीवरून पुन्हा लिहून घ्यावी लागली. वही होती म्हणून नावे राहिली. यास्तव आमची आग्रहाची विनंती आहे की, संगणकावर आले म्हणून जुनी वही रद्दीत घालू नये.

तिसरे दुखणे मनाला अधिक लागणारे होते. संदेशांचे पान पुढे केव्हातरी जोडलेले होते आणि त्याचा तक्ता यूटीएफ-८ म्हणवून आखलेला होता. परंतु मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ-८’ हे अर्धवट आहे. त्यात अक्षरामागे तीनच घरे मिळतात. मराठीला तीन पुरतात. मात्र मोबाइलवरील चित्राक्षरांना चार लागतात. मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या निधनानंतर आलेले श्रद्धांजलीचे संदेश आम्ही उघडले, तेव्हा कित्येक संदेश मध्येच तुटलेले आढळले. लिहिणाऱ्याने जेथे जोडलेल्या हातांचे चित्र घातले होते, तेथे कोठीघराने नमस्कारासकट पुढील सर्व मजकूर गाळला होता. चार घरे देणारी पूर्ण पद्धत २०१० पासून उपलब्ध आहे. ती घेतली आणि तालमीच्या खोलीत जोडलेल्या हातांचा एक संदेश घालून पाहिला, तो अखंड उतरला. गेलेला मजकूर मात्र परत येणार नाही.

मराठीची म्हणून काही खास कोडी असतात, ती परभाषक तंत्रज्ञाला सुचणारही नाहीत. कऱ्हाडकर किंवा वऱ्हाडपांडे या नावांतील तो अर्धा र पाहा. तो संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, पण आकडे वेगळे असल्यामुळे एका रीतीने लिहिलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडत नाही. घरचा माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. आम्ही सर्व नावे एकाच रीतीत आणली. वर्णक्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या आकड्यांत तो ल च्या शेजारी बसविलेला आहे. नुसत्या आकड्यांच्या क्रमाने यादी लावली तर काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, आणि क्ष जोडाक्षर असल्याने क्षीरसागर क च्या घोळक्यात शिरतात. त्यासाठी प्रत्येक आडनावापुढे एक न दिसणारा क्रमदर्शक रकाना घातला.

जुन्या स्मरणिकांचा मजकूर हे आणखी एक प्रकरण. काहींच्या छपाईच्या फायली मिळाल्या, परंतु त्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळविलेल्या होत्या. अशा फाँटमध्ये आत रोमन अक्षरांचेच आकडे असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. फाँट नसला की मुखवटा गळतो आणि अग्रलेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. शिवाय या फाँटमध्ये ह्रस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, तरी प्रत्येक ओळ मुद्रितशोधकाच्या नजरेखालून जावीच लागते. बँकेतील आमच्या गृहस्थांनी हे काम ज्या चिकाटीने केले तिला तोड नाही.

तालीम झाली तरी प्रयोगाच्या दिवशी रंगमंच वेगळा असतो, याचाही अनुभव आला. खोलीतील संगणक विंडोजचा, बाहेरील भाड्याचा सर्व्हर लिनक्सचा. विंडोज रोमन मोठ्या आणि छोट्या अक्षरांत भेद मानीत नाही, लिनक्स मानतो. त्यामुळे खोलीत नीट दिसणारी छायाचित्रे बाहेर गेल्यावर गायब झाली. सर्व फायलींची नावे छोट्या अक्षरांत केली तेव्हा ती परतली. दुसरी गोष्ट सुरक्षेची. झॅम्पच्या संचात कोठीघराच्या मुख्य किल्लीला परवलीचा शब्दच नसतो, कारण तो संच तालमीसाठी आहे. तालमीचा हा मोकळेपणा बाहेर नेऊ नये. बाहेरची कुलुपे वेगळी व पक्की असावीत.

आणि याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बाहेर काय न्यावे हा. मंडळाच्या दप्तरात स्मरणिका, नाटकांची माहितीपत्रके आणि गणेशोत्सवाची छायाचित्रे आहेत. ती जगाने पाहावीत. परंतु त्याच दप्तरात सभासदांचे पत्ते आहेत, दूरध्वनी क्रमांक आहेत, आणि कोणा कुटुंबावर संकट आले असता मंडळाने गुपचूप केलेल्या मदतीच्या नोंदी आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ मध्ये अधिनियम केला आहे. कायदा नसता तरी शिष्टाचार हेच सांगतो की, घेणाऱ्याची मान खाली जाईल असे काही चव्हाट्यावर मांडू नये. त्या नोंदी घरच्या सर्व्हरवरच राहतील आणि त्याला बाहेरचे दार ठेवलेले नाही. घरचा सर्व्हर ही केवळ तालमीची खोली नव्हे, ती माजघरही आहे.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येतो. हे सर्व करूनही आम्ही चौघे उद्या बदलून गेलो तर काय? पुन्हा कोरे पानच उरणार असेल तर आमचे सारे रविवार फुकट गेले. म्हणून आम्ही कार्यभार हस्तांतराची एक टिप्पणी मराठीत लिहिली. कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती, कोणती फाईल कोठे, भाडे केव्हा भरावयाचे, किल्ल्या कोणाच्या ताब्यात, हे सर्व परिच्छेदांना क्रमांक देऊन तीत मांडले. दप्तराच्या तीन प्रती ठेवल्या, त्यांपैकी एक मंडळाच्या इमारतीबाहेर. कोठीघराची नक्कल साध्या मजकुराच्या रूपात निघते, ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. जे साध्या मजकुरात आहे ते दीर्घायुषी असते.

परंतु टिप्पणी लिहून भागत नाही, ती पारखावी लागते. गेल्या महिन्यात आम्ही एक कोरा संगणक, ती टिप्पणी आणि ती नक्कल एवढ्याच वस्तू अशा एका काकूंच्या हाती दिल्या की, ज्यांनी या कामात पूर्वी भाग घेतला नव्हता. आम्ही चौघांनी बोलावयाचे नाही असे ठरले होते. काकू तीन ठिकाणी थबकल्या. ती तिन्ही वाक्ये आम्ही तेथल्या तेथे टिप्पणीत सुधारून घेतली. दुपारच्या जेवणाआधी मंडळाचे सगळे दप्तर त्या कोऱ्या यंत्रावर उभे राहिले, पहिल्या वर्षाच्या सभासदांच्या नावांसह. त्या दिवशी आम्हांस प्रथमच वाटले की काम झाले. जी वस्तू मोडली असता दुसऱ्या कोणाला पुन्हा उभी करता येते, तीच संस्थेची होते. एरवी ती एखाद्या हुशार माणसाची असते आणि त्याच्याबरोबर बदलीच्या सामानात निघून जाते.

आपणांकडे दोन मागण्या आहेत. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका, माहितीपत्रके किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती आठ दिवसांसाठी द्यावीत, प्रत काढून मूळ वस्तू जशीच्या तशी परत केली जाईल. आणि तरुणांनी रविवारी सकाळी एक तास खोलीवर यावे. तेथे मोडतोड करण्यास पूर्ण मुभा आहे, कारण ती नकलेची होते. आपली मुले येथील शाळांत अन्य भाषांतून शिकतात. ळ कोठे बसवावा आणि अर्धा र कसा लिहावा, या निमित्ताने जरी त्यांची मराठीशी गाठ पडली, तरी तेवढा लाभ पुष्कळ झाला.